एका दिव्याची ठेव

केदारखेडा माझं माहेर. जालन्याहून भोकरदनला जाताना पूर्णेच्या काठावर लागणारं गाव. आश्विन पौर्णिमेला इथे काही घरांत कोजागरीचं दूध आटत असतं, आणि आमच्या वस्तीत विहारापुढे मेणबत्त्यांचे पुडे फुटत असतात. त्या दिवशी वर्षावास संपतो.

आषाढी पौर्णिमेपासून पावसाचे तीन महिने भिक्खूंनी फिरस्ती थांबवून एका जागी राहायचं, हा बुद्धाच्या काळापासूनचा नियम. खेड्यात भंतेजी क्वचितच मुक्कामी असतात. म्हणून या तीन महिन्यांत आमच्याकडे रोज संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतात. बाबासाहेबांचा मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली आला. वाचनाच्या पाळ्या लावलेल्या असतात. दिवसभर सोयाबीन सोंगून आलेली बाई पदराला हात पुसते, ओळीखाली बोट धरते आणि वाचू लागते. कुठे अडली, की शेजारची शाळकरी पोर हळूच शब्द सांगते. कुणी घाई करत नाही, कुणी हसत नाही. माझ्या आजीला अंगठा उठवावा लागायचा. तिच्याच वस्तीत हे पाहताना मला फार भरून येतं. पौर्णिमेला शेवटचं पान होतं आणि मग दिवे लागतात.

पहिल्यांदा येणाऱ्यांनी बिचकू नये. चपला बाहेर काढायच्या, जागा मिळेल तिथे सतरंजीवर बसायचं. पांढरे कपडे असले तर उत्तम, नसले तरी कुणी टोकत नाही. समोर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. दारावर निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी अशा पट्ट्यांचा धम्मध्वज. बौद्धाचार्य त्रिसरण-पंचशील सांगतात, आपण मागून म्हणायचं. हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं आणि नशा यांपासून दूर राहीन, असं प्रत्येक जण स्वतःच्या तोंडाने कबूल करतो. नारळ नाही, नवस नाही, अंगारा नाही. मेणबत्ती लावणारा बुद्धाकडे काही मागत नाही, कारण बुद्धाने स्वतःला मार्ग दाखवणारा म्हटलं, मोक्ष देणारा नाही.

नदीकडून वारा सुटला की उघड्यावरच्या मेणबत्त्या टिकत नाहीत. म्हणून आमच्या काकू पणत्याच आणतात. पहिल्या वेचणीचा थोडा कापूस त्यांनी बाजूला ठेवलेला असतो. सरकी काढायची, बोटांनी पेळू ओढायचा आणि मांडीवर तळहाताने वळायचा. वात तेलात पुरती भिजवून तिचं टोक पिळायचं, हे त्या दरवर्षी नव्या सुनांना दाखवतात.

ब्रह्मदेशात हाच दिव्यांचा सण, थडिंज्युत. तिथली श्रद्धा अशी, की बुद्ध स्वर्गात आईला धम्म सांगून या दिवशी पृथ्वीवर उतरले आणि लोकांनी त्यांच्या वाटेवर दिवे लावले. उतरण्याची ती जागा म्हणजे उत्तर प्रदेशातलं संकिसा. ज्या जिन्याने ते उतरले, तो सांचीच्या स्तूपावर दगडात कोरलेला आहे. आमच्या विहारात स्वर्गाची कथा सांगत नाहीत, आणि मला तेच पटतं. पण सांचीशी आमचं नातं आहे, आणि ते शेजारच्या भोकरदनमधून जातं.

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचं, केळणा नदीकाठचं नगर. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत, तीही इसवी सनापूर्वीची. आमच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात हे ठळक अक्षरांत असायला हवं.

सांचीतलाच आणखी एक लेख मला फार जवळचा वाटतो. इसवी सन ४५०च्या सुमारास हरिस्वामिनी नावाच्या उपासिकेने तिथल्या संघाकडे काही दीनार कायमची ठेव म्हणून ठेवले. मुद्दलाला हात लावायचा नाही. बारा दीनारांच्या व्याजातून रोज एका भिक्खूचं जेवण, तीन दीनारांच्या व्याजातून रोज तीन दिवे, आणि आणखी एका दीनाराच्या व्याजातून एक दिवा. आमच्या बायकांना हे समजावून सांगावं लागलं नाही. बचत गट चालवणाऱ्या बाईला मुद्दल आणि व्याज चांगलं कळतं.

पौर्णिमेच्या रात्री खीर वाटून झाली, भांडी घासून झाली, की बायका हिशेबाची वही उघडतात. विहारात आता रात्री पोरांची अभ्यासिका चालते. मेणबत्त्यांची वर्गणी उरली तर ती पुढच्या वर्षासाठी न ठेवता अभ्यासिकेच्या वीजबिलाला लावायची, असं यंदा ठरलं. भिंतीवर अजून एक मोठी तसबीर लावावी, असं एकदोघांचं म्हणणं होतं. काकूंनी ते होऊ दिलं नाही. “तसबीर हाये एक,” त्या म्हणाल्या, “लाइट गेली की पोरं घरी जातेत.” वहीत तसंच लिहिलं गेलं आणि खाली सगळ्यांनी सह्या केल्या.