बोलण्याच्या आधीची चाहूल

‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही उशिराच बोलला,’ असं म्हणून घरातली मोठी माणसं धीर देतात. पण ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, चाहूल बोलण्याच्या आधीही लागू शकते. ९-१० महिन्यांचं बाळ सहसा हाक मारली की वळून बघतं. दीड वर्षाचं मूल खिडकीतला कावळा बोटानं दाखवतं आणि लगेच आईकडे बघतं: तूही बघितलास ना? हे दाखवणं मला फार मोलाचं वाटतं. काही मुलं बिस्किट हवं असलं की आईचा हात धरून डब्यापर्यंत नेतात, तिच्या चेहऱ्याकडे मात्र बघत नाहीत. खेळण्यातल्या गाडीचं चाकच फिरवत बसणं, कुकरच्या शिट्टीला कान झाकणं हेही टिपून ठेवावं. येत असलेले शब्द बंद झाले, तर मुळीच थांबू नका.

एखाद्या लक्षणावरून ऑटिझम ठरत नाही. कानांची तपासणी करून घ्या, बालरोगतज्ज्ञांना भेटा. जिल्हा पातळीवरच्या सरकारी शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत तपासणी आणि थेरपी मोफत मिळते. पक्क्या निदानाआधीही थेरपी सुरू करता येते. आणि आईनं लक्ष दिलं नाही म्हणून हे झालं, असं कृपा करून कोणी म्हणू नये. ते खरं नाही.