टाकीतले पाणी किती खारे असावे?

घरात काचेची टाकी आणून तीत रंगीत मासे पाळण्याची हौस शहरोशहरी पसरली आहे. परंतु टाकीचे आकारमान, दिव्यांची रोषणाई, तळाची रेती यांविषयी दुकानदाराकडे बारकाईने चौकशी करणारा गृहस्थ, आपण नेत असलेला मासा मूळ कोणत्या पाण्यातला, ही सर्वांत महत्त्वाची बाब विचारावयाचे विसरतो, आणि त्याची शिक्षा त्या मुक्या जीवाला भोगावी लागते, याचे मला फार वाईट वाटते.

माशाचे रक्त आणि बाहेरचे पाणी यांमध्ये कल्ल्यांच्या अतिपातळ पडद्याखेरीज फारसा आडोसा नसतो. बहुतेक अस्थिमत्स्यांच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या साधारण एकतृतीयांश असते. सबब नदीतल्या माशाच्या अंगात परासरणाने पाणी अखंड शिरते व ते पातळ मूत्रावाटे त्यास बाहेर टाकावे लागते, तर समुद्रातल्या माशाच्या अंगातले पाणी बाहेर ओढले जात असल्यामुळे तो खारे पाणी पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांतील विशिष्ट पेशींकरवी बाहेर लोटतो. ज्या पाण्यासाठी ही घडण झाली त्याहून भलत्याच पाण्यात त्याला ठेवले, तर त्याची सारी शक्ती या देवघेवीतच खर्ची पडते.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास भरते. गोड्या पाण्याचे १.०००. निऑन टेट्रा गोड्या पाण्यातला, क्लाऊनफिश समुद्रातला, येथवर सहसा घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो मधल्या, म्हणजे मचूळ पाण्यातल्या माशांचा. कोकण-गोव्याच्या खाड्यांतील काळुंदर पहा: पावसाळ्यात वरून येणाऱ्या लोंढ्याने खाडी गोडसर होते, उन्हाळ्यात ती पुन्हा खारट होते, आणि ही तफावत हा मासा सहज सोसतो. ठिपकेदार स्कॅट आणि हिरवा पफर यांची पिल्ले मात्र दुकानात नळाच्याच पाण्यात ठेवलेली दिसतात. ती काही महिने तगतात, म्हणून ग्राहकाची समजूत पक्की होते, आणि वाढत्या वयाबरोबर ती खंगू लागली की दोष रोगाला दिला जातो. अशा पिल्लांसाठी १.००५ ते १.०१० एवढे गुरुत्व ठेवावे आणि स्कॅट मोठा होत जाईल तसे ते समुद्राच्या जवळ न्यावे, असे माझे मत आहे.

त्यासाठी स्वयंपाकघरातले मीठ उपयोगाचे नाही; समुद्रात सोडियम क्लोराइडाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, बायकार्बोनेटही असतात, तेव्हा मत्स्यालयासाठी तयार केलेले सागरी मीठच घ्यावे आणि ते वेगळ्या बादलीत पूर्ण विरघळवूनच टाकीत घालावे. हे गुरुत्व मोजण्यासाठी काट्याचा हायड्रोमीटर वापरताना काट्याला चिकटलेले बुडबुडे हलक्या टिचकीने झाडून टाकावेत, कारण एवढ्याशा हवेनेही काटा वर उचलला जाऊन पाणी आहे त्याहून खारे भासते.

बाष्पीभवनाने पाणी जाते, मीठ जात नाही, हे तर कोरून ठेवावे. १०० लिटरांच्या सागरी टाकीत साडेतीन किलो क्षार असतात. १० लिटर पाणी उडाले की तेच क्षार ९० लिटरांत राहून प्रमाण लिटरमागे ३९ ग्रॅमांवर जाते. ही तूट गोड्या पाण्यानेच भरून काढावी. खारे पाणी घातले तर आणखी ३५० ग्रॅमांची भर पडते. मुद्दाम खारेपणा वाढवावयाचा असेल तर विशिष्ट गुरुत्व आठवड्याला ०.००२हून अधिक वाढवू नये, कारण नव्या पाण्याशी जुळवून घेण्यास माशाप्रमाणेच गाळणीतील जिवाणूंनाही अवधी लागतो, आणि ते दगावले तर अमोनिया साठून टाकीतले सारेच मासे संकटात येतात.