पाणी आलं उताराने, पुस्तकं आली पेटीतून

दोस्तांनो, राजा म्हटलं की हत्ती, मुकुट, तलवार आठवते ना? आज भेटूया अशा राजाला, ज्याला बाराव्या वर्षापर्यंत धड लिहिता-वाचता येत नव्हतं!

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी 1863 साली जन्मलेला हा गोपाळ. घरी शेती. 1875 मध्ये इंग्रजांनी बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केलं. मग राजघराण्यातल्या जमनाबाई राणीसाहेबांनी गोपाळला दत्तक घेतलं आणि त्याचे सयाजीराव झाले. लगेच राज्य करायला मिळालं? छे! आधी अभ्यास. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी सगळं शिकल्यावर 1881 च्या अखेरीस कारभार हाती आला.

तरीही राजाचे हात बांधलेलेच. बडोद्यात ‘रेसिडेंट’ नावाचा इंग्रजांचा अधिकारी नजर ठेवून असे. लढाई करायची नाही, परराज्यांशी परस्पर बोलणी करायची नाहीत. पण शाळा काढता येत होत्या, पाणी आणता येत होतं. सयाजीरावांनी तेच मनावर घेतलं.

शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर, आजव्याला, मातीचं लांबलचक धरण बांधून मोठं सरोवर तयार केलं. 1892 मध्ये तिथलं पाणी नळांतून बडोद्यात आलं. एवढ्या लांबून ते ढकललं कोणी? गुरुत्वाकर्षणाने! सरोवर शहरापेक्षा उंचावर आहे. उंचावरच्या पाण्याचं वजन नळातल्या पाण्याला पुढे रेटतं. करून बघा: पारदर्शक नळी पाण्याने भरा, दोन्ही टोकं वर धरा आणि एक टोक हळूहळू खाली आणा. पाणी त्याच टोकातून सांडू लागेल!

मग शाळा. 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये संपूर्ण राज्यात मुलामुलींसाठी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना चक्क दंड! भारतातल्या इंग्रजांच्या ताब्यातल्या मुलखासाठी असाच कायदा नेते गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये मागितला, पण सरकारने तो होऊ दिला नाही.

शाळेत वाचायला शिकलात, पण गावात पुस्तकंच नसतील तर? 1910 मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथालयतज्ज्ञ बोलावले. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून त्या गावोगाव जाऊ लागल्या. एका गावाची पुस्तकं वाचून झाली की पेटी बदलायची. वाचणाऱ्याने एक पैसाही द्यायचा नाही!

शाळेपुढच्या शिक्षणालाही सयाजीरावांनी हात दिला. 1913 मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, तेही त्यांच्याच शिष्यवृत्तीवर.

हात बांधलेले असतानाही केवढं करता येतं, बघा! मला तर हा राजा फार मोठा वाटतो. तुमच्या शाळेच्या कपाटात पुस्तकं कुलूपबंद असतील, तर उद्याच बाईंकडे किल्ली मागा आणि वर्गासाठी अशी एक पेटी सुरू करा.