एकाच मापाची दोन इंजिनं

शिरूर अनंतपाळमधल्या गॅरेजात डिसेंबरच्या सकाळी जुनी डिझेल इंडिगो सुरू करताना मिस्त्री चावी एकदम फिरवत नाहीत. अर्ध्यावर थांबतात. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा पिवळा दिवा विझला की मगच स्टार्टर मारतात. जुनी गाडी घेणाऱ्यानं हे थांबणं नीट समजून घ्यावं.

टाटांची इंडिगो 2002 साली आली. सुरुवातीची पेट्रोल आणि डिझेल, दोन्ही इंजिनं 1405 सीसीची. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 75 मिलिमीटर, पिस्टनची धाव 79.5. माप तेच, पण पेट्रोलची ताकद 85 अश्वशक्ती आणि टर्बो असूनही डिझेलची 62.

फरक आग लावण्यात आहे. पेट्रोल-हवेचं मिश्रण साधारण नऊ पट दाबलं जातं आणि प्लगची ठिणगी ते पेटवते. त्याहून फार दाबलं तर ते अवेळी पेटून इंजिन ठोके देतं. डिझेलला ठिणगी नाही. तिथं नुसती हवा वीस-बावीस पट दाबली जाते, ती 500 अंशांच्या वर तापते आणि फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. या जुन्या इंजिनात फवारा हेडमधल्या छोट्या कप्प्यात पडतो. थंडीत त्या कप्प्याच्या गार भिंती हवेची उष्णता ओढून घेतात, म्हणून हीटर प्लग आधी लालभडक व्हावा लागतो. पिवळा दिवा त्याचाच.

डिझेल सावकाश जळतं, म्हणून इंजिन कमी फेऱ्यांत ओढतं. लिटरमागे ऊर्जाही दहा-बारा टक्के जास्त. रोज लातूरला जाऊन-येऊन करणाऱ्याला ते परवडतं. पण ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि पूर्वीची स्वस्ताई उरली नाही. पंप-नोझलचं काम निघालं तर खर्च मोठा. बाजार, दवाखाना आणि लग्नकार्यापुरती गाडी लागत असेल, तर माझ्या मते पेट्रोलच घ्यावी.

डिझेलच घ्यायची असेल तर सकाळी लवकर जा. झिजलेल्या रिंगांतून दाब निसटतो, दाब निसटला की हवा तापत नाही आणि गार इंजिन पेटायला कुरकुरतं. गरम इंजिन हा दोष लपवतं. म्हणून चावी मागण्याआधी बॉनेटला हात लावा. ऊब लागली तर दुसऱ्या दिवशी या.