चाळीस लाखांची भीती

महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री करणाऱ्याची वार्षिक उलाढाल (नफा नव्हे, एकूण विक्री) ४० लाख रुपयांपुढे गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. मग विक्रीच्या १८ टक्के रक्कम खिशातून जाईल, या समजुतीने अनेक दुकानदार धंदा वाढवतच नाहीत. प्रत्यक्षात दुकानदार हा सहलीचे पैसे गोळा करून शाळेत भरणाऱ्या वर्गशिक्षकासारखा असतो. समजा, १८ टक्के कराचा माल एक लाखाला घेतला. १८,००० रुपये कर खरेदीतच गेला. तो माल १,२०,००० रुपयांना विकला, की ग्राहकाकडून २१,६०० रुपये कर येतो. इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवरील कराची वजावट) घेतल्यावर भरायचे उरतात ३,६०० रुपये. नोंदणी नसेल तर ते १८,००० खर्चातच जमा होतात. वाढते ते विवरणपत्रांचे काम, आणि ते खरेच किचकट आहे.