माध्यमांचा अभ्यास आणि मालिकेचे लेखन

गेल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी एका पालकांनी आम्हांस बाजूस बोलावून विचारले, "सर, आमचा थोरला मुलगा माध्यमांचा अभ्यास करून पदवीधर झाला. आता म्हणतो, दूरचित्रवाणीच्या मालिका लिहीन. त्याच्या पुस्तकी विद्येचा तेथे उपयोग होईल, की एवढी वर्षे पाण्यात गेली?" त्या गर्दीत आम्ही दोन शब्द बोलून वेळ निभावली. परंतु त्या प्रश्नामागे एका शेतकरी कुटुंबाची काटकसर होती. आणि तोच प्रश्न आमच्या इतर विद्यार्थ्यांच्या घरीही आज ना उद्या उपस्थित होणार आहे. यास्तव त्याचे सविस्तर उत्तर येथे देण्याचे योजिले आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, ही दोन कामे एकमेकांच्या शेजारची असली तरी एक नव्हेत. अभ्यासक विचारतो, अमुक कार्यक्रमाचा लोकांच्या मनावर परिणाम का झाला? लेखकास विचारावे लागते, पुढच्या मिनिटास काय घडेल, आणि ते पाहण्यासाठी प्रेक्षक जागचा का हलणार नाही?

आपल्या पारोळ्याच्या किल्ल्याचेच उदाहरण घेऊ. निबंधात विद्यार्थी लिहील की, हा भुईकोट किल्ला १७२७ च्या सुमारास बांधला गेला, व झाशीच्या नेवाळकर घराण्याशी या गावाचा संबंध होता. त्यास गुण मिळतील. परंतु कॅमेऱ्यास 'संबंध' दिसत नाही. त्यास दिसतो खंदक, दिसतो बुरूज, आणि रात्रीच्या वेळी बंद दरवाजाशी उभा असलेला एक जासूद. आत त्याचे कोणी ऐकत नाही आणि हातातील पत्र तर आजच पोहोचले पाहिजे! हा जासूद आमच्या कल्पनेतील आहे. परंतु माहिती जेव्हा अशी एखाद्या माणसाच्या अडचणीत उतरते, तेव्हाच पटकथेस प्रारंभ होतो.

मग अभ्यास निरुपयोगी म्हणावा काय? मुळीच नाही. मेक्सिको देशात मिगेल साबिदो या नाट्यकर्मीने मनुष्य दुसऱ्याचे पाहून कसा शिकतो याविषयीच्या मानसशास्त्रीय सिद्धांताचा अभ्यास केला व त्या आधारे लोकशिक्षणपर मालिका रचल्या. त्याच धर्तीवर दूरदर्शनने ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' ही मालिका सुरू केली. तिचे लेखक मनोहर श्याम जोशी हे मूळचे संपादक व कादंबरीकार. पहिल्या तेराएक भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश उघडउघड असल्यामुळे प्रेक्षक नाराज झाले. तेव्हा उपदेश सौम्य करून घरातील माणसांची सुखदुःखे पुढे आणण्यात आली, आणि बोधाचे चार शब्द भागाच्या शेवटी अशोककुमार यांच्या तोंडी राहिले. पुढे ही मालिका इतकी लोकप्रिय झाली की पत्रांचा पाऊस पडला, व १९८५ च्या डिसेंबरात १५६ भागांनी ती पूर्ण झाली. सिद्धांताने दिशा दाखविली. परंतु मीठ किती घालावे हे मात्र लिहिता लिहिताच समजले.

मराठीतही असे दाखले आहेत. पु. ल. देशपांडे हे आधी शाळेत शिक्षक व नंतर महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक होते. १९५५ साली ते आकाशवाणीत गेले. दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा तिच्या आरंभीच्या निर्मात्यांत ते होते. आणि त्या कामासाठी लंडनच्या बीबीसीत त्यांनी प्रशिक्षण घेतले. नामवंत लेखक असूनही चाळिशीच्या सुमारास ते पुन्हा विद्यार्थी झाले, हे आम्हांस विशेष वाटते. तसेच दिलीप प्रभावळकर यांचे 'अनुदिनी' हे वृत्तपत्रातील सदर २००१ पासून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या मालिकेच्या रूपाने घरोघर पोहोचले. जे रोजनिशीत सांगितले होते, ते तेथे स्वयंपाकघरात व दिवाणखान्यात घडू लागले.

आता व्यवहाराची बाजू. मालिकेच्या नामावलीत कथा, पटकथा व संवाद यांपुढे पुष्कळदा निरनिराळी नावे असतात. नवशिका बहुधा एखाद्या अनुभवी लेखकाचा साहाय्यक म्हणून आरंभ करतो. वीस-बावीस मिनिटांच्या भागाचे प्रसंग त्यास वेळेत लिहून द्यावे लागतात. वाहिनीकडून ते परत येतात व प्रसंगी रातोरात पुन्हा लिहावे लागतात. मालिका अकस्मात बंद पडली तर मिळकतही थांबते. पालकांनी हे आधीच जाणून असावे. पुण्यास १९६० साली प्रभात कंपनीच्या जागेत स्थापन झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखनाचे शिक्षण मिळते. त्याची चौकशी अवश्य करावी.

शेवटी आमची स्वतःची एक चूक सांगतो. पूर्वी नववीतील एका मुलाने संमेलनासाठी नाटुकले लिहिले होते. त्यातील आई अहिराणी बोलत असे. आम्ही लाल शाईने तिची सर्व वाक्ये 'शुद्ध' केली. प्रयोगात ती वाक्ये निर्जीव पडली. मात्र एके ठिकाणी आईचे काम करणारी मुलगी पाठ केलेले विसरली आणि "कथा जाई ऱ्हायनी तू?" असे घरच्यासारखे बोलून गेली. त्या क्षणी सारे सभागृह जागे झाले! त्या मुलाचा कान आमच्या व्याकरणाहून अधिक खरा होता, हे आम्हांस त्या दिवशी उमगले. आमच्या लाल शाईने त्याने पुढे लिहिणे सोडले नसेल, एवढीच आशा आम्ही करतो.

तेव्हा त्या पालकांस आमचे उत्तर असे की, वर्षे वाया गेलेली नाहीत; परंतु ती पुरेशीही नाहीत. मुलास दोनएक वर्षांचा अवधी द्यावा. त्याने बाजारात, मोटारस्टँडवर, ओट्यावर माणसे कशी बोलतात ते ऐकावे; दर आठवड्यास एक प्रसंग लिहावा, मोठ्याने वाचावा, व खोडून पुन्हा लिहावा. आणि घरच्यांनी "नोकरी लागली का?" असे रोज विचारण्याऐवजी "या आठवड्यात काय लिहून पुरे केलेस?" एवढेच विचारावे. उत्तरादाखल तो वाचू लागला, तर हातचे काम ठेवून ऐकावे.