ओझोनचे बुडबुडे आणि टाकीजवळचा माणूस

मोठ्या गृहसंकुलांच्या तळघरात सांडपाणी शुद्धीकरणाचे प्रकल्प असतात. तेथील पाणी पुढे बागेला आणि संडासाच्या फ्लशला जाते. त्यातील जंतू मारण्यासाठी क्लोरीन वापरतात. आता ओझोनच्या सूक्ष्म बुडबुड्यांची यंत्रेही आली आहेत. ही यंत्रे चालवणारे, टाक्या धुणारे अनेकजण आपल्याच वस्त्यांतले. म्हणून ही माहिती.

ओझोन म्हणजे ऑक्सिजनचे तीन अणू जोडून झालेला वायू. तो फार वेळ टिकत नाही, त्यामुळे जागेवरच विजेच्या साहाय्याने तयार करावा लागतो. फ्रान्समधील नीस शहरात १९०६ पासून पिण्याचे पाणी त्याने शुद्ध होऊ लागले. पण तो पाण्यात सहज विरघळत नाही. दोन मिलिमीटरचा बुडबुडा मीटरभर पाणी चार-पाच सेकंदांत चढतो आणि वायू हवेत निघून जातो. त्याच एका बुडबुड्यातून ५० मायक्रॉनचे, साधारण केसाच्या जाडीचे, ६४,००० बुडबुडे होतात. पाण्याला भिडणारा पृष्ठभाग ४० पट वाढतो आणि तेवढेच अंतर चढायला दहा-बारा मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात बराच ओझोन पाण्यात उतरतो.

तो जंतूंचे आवरण फोडतो, वास घालवतो. औषधांचे अंशही मोडतो; स्वित्झर्लंडमधील ड्युबेनडॉर्फ येथे २०१४ पासून याच कामासाठी सांडपाण्यात ओझोन सोडला जातो.

मात्र ही शेवटची पायरी आहे. आधी गाळ बसवावा लागतो, जिवाणूंकडून घाण खाऊन घ्यावी लागते. गढूळ पाण्यात ओझोन सोडला तर तो घाणीवरच खर्च होतो. ‘यंत्र बसवा, बाकी काही नको’ असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये.

आणि वास गेला म्हणजे टाकी सुरक्षित झाली, असे तर मुळीच नाही. आधीच्या टाक्यांच्या तळाशी गाळ सडतच असतो. त्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड क्षणात माणूस पाडतो. गाळ यंत्रानेच उपसला पाहिजे. सुरक्षा साधनांविना माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

ओझोनही श्वासाला घातकच. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा ०.१ भाग, एवढीच कामाच्या ठिकाणची मर्यादा मानतात. तो हवेपेक्षा जड असल्याने तळघरात साचतो. खोलीत पंखा, गळती ओळखणारी घंटा आणि उरलेला वायू नष्ट करणारे उपकरण आहे का, हे कामगाराने पहिल्याच दिवशी विचारावे. नाकाला वासाची सवय होते, त्यावर विसंबू नये. डोळे चुरचुरले, खोकला आला, छातीत जळजळले तर तत्काळ बाहेर पडावे. फुप्फुसांना सूज काही तासांनीही येऊ शकते. दवाखान्यात ‘ओझोन श्वासात गेला’ असे स्पष्ट सांगावे.